बोटाएवढं काहीतरी

डॉक्टर म्हणाले, चालत जा. नुसतं चालणं मला जमत नाही,
म्हणून हे यंत्र घेतलं, कानावरच्या टोप्यांसकट.
बस चालवायचो तेव्हा माणसं बोलायची, आता जमीन बोलते.
बहुतेक वेळा बाटल्यांची झाकणंच बोलतात.

फ्रीसलंडची जमीन सपाट. म्हणजे किती,
तर रविवारी चर्चला येणारा माणूस
शनिवारीच दिसायला लागतो.
हिंकेच्या मागच्या कुरणात, पडक्या गोठ्यापासून बारा पावलांवर
यंत्र किंचाळलं.
झाकणासाठी कुणी इतकं ओरडत नाही.

वीतभर खणलं, मग हातभर. चिकणमाती सोडत नव्हती.
निघालं ते गंजाचं साळिंदर.

घरी बादलीत भिजवलं, दाताच्या ब्रशनं घासलं.
आत एक दांडा, बोटाएवढा, दोन्ही टोकं गोल,
कुणी वर्षानुवर्षं चघळून ठेवल्यासारखा गुळगुळीत.
भोवती खिळे, तारांचे तुकडे, एक वाकडी चूक,
सगळे त्याला बिलगलेले, सुटता सुटेनात.

येल्मर म्हणाला, इंग्रजांच्या विमानातलं असणार.
येल्मरला सगळंच इंग्रजांच्या विमानातलं वाटतं.
त्याच्या बायकोला ती लिपस्टिक वाटली.
लेवार्डनच्या संग्रहालयातल्या पोरानं भिंगातून पाहिलं,
"जुनं नाही," म्हणाला,
आणि भिंग डबीत ठेवलं.

लोहचुंबक आहे, एवढं तर माझ्या चमच्यालाही कळलं.
पण कुरणात लोहचुंबक पेरतं कोण?

शेवटी हिंकेकडेच गेलो. जमीन तिची.
वय शहाऐंशी. दिसत नाही फारसं,
टाके बोटांनी मोजत मोजे विणते.
मी तिच्या तळहातावर ते ठेवलं.
तिनं अंगठा फिरवला, एकदाच,
आणि हसली,
पावलांवरूनच कोण आलंय ते कळल्यासारखी.
"क्लास्का," म्हणाली. "चौदावी."

"गाईची जीभ निवडत नाही रे.
गवताला विळखा घालते आणि ओढते,
गवतात असेल ते आत.
खिळा गेला, तार गेली, पोटाच्या पुढच्या कप्प्यात पडून राहते.
आणि कप्प्याच्या पलीकडे, एवढ्याशा पडद्याआड,
काळीज.
म्हणून कालवड मोठी झाली की हे घशात सोडायचं,
जबडा धरून, नळीनं.
मग ते बसतं तिथं. येईल ते लोखंड धरून ठेवतं.
टोचू देत नाही."

"आणि बाहेर कधी काढता?"

"काढत नाहीत."

बर्फानं रस्ते मिटले त्या फेब्रुवारीत
क्लास्काचं वासरू आडवं आलं.
मेलेली जनावरं नेणारी गाडी पोचेना.
गोठ्यामागं पुरली; गोठलेली माती फोडायला दोन दिवस,
आणि दोन पहारी वाकल्या.
"हाडं सापडली का तुला?"
"नाही."
"हं," म्हणाली ती.
खिडकीबाहेर दुसऱ्याच कुणाच्या गाई होत्या.

मग नखानं एकेक तुकडा चाचपत गेली.
हा कोंबड्यांच्या जाळीचा.
ही चूक कुणाची, आठवत नाही.
आणि हा, हा, हा, आणि हा:
"वॉबेचे. कुंपण दुरुस्त करायचा, तार तोडायचा,
तुकडे तिथंच गवतात.
एकोणचाळीस वर्षं."
जरा थांबली.
"मी कधी बोलले नाही त्याला."

कॉफी निवून गेली.
मी मागायला हात पुढं केला नाही,
तिनंही द्यायला.
एप्रनच्या खिशात टाकलं तिनं ते,
आणि मांडीवरची पोलादी सुई,
अर्ध्या मोज्यासकट,
हळूच तिकडे वळली.